तुमचे वस्ताद कोण?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



 समितीने मला 'मुलामुलींसाठी स्वसंरक्षण' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पण स्वसंरक्षणाचे फायदे मी तुम्हाला काय सांगू? ते ठाऊक नसते तर संध्याकाळी स्वयंपाक अर्धा टाकून तुम्ही पोरांना हाताला धरून क्लासला आणलंच नसतं. म्हणून त्या विषयातला एकच प्रश्न मी घेतो. जे सर तुमच्या मुलाला शिकवतात, त्यांना कोणी शिकवलं?

आपण बाजारातून माठ घेतो तोही टिचकी मारून, वाजवून घेतो. लग्न जुळवायचं तर मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करतो. पण कराटे क्लासचा बोर्ड दिसला, त्यावर हवेत पाय उचललेल्या माणसाचं चित्र दिसलं, की फी भरून मोकळे! आणि ज्याच्या हातात आपण पोर देतो तो काय शिकवणार आहे? गळा कसा धरायचा, हात कसा पिरगाळायचा, गुडघ्यावर लाथ कशी मारायची. गणिताचा मास्तर कच्चा निघाला तर पोराचे मार्क जातात. इथे कच्चा निघाला तर गुडघा जातो.

आपल्या तालमींमध्ये हा प्रश्न नवा नाही. कोल्हापूर भागात नवा पैलवान लाल मातीत उतरला की पहिली विचारणा होते, 'कुणाचा पठ्ठा?' मग तो वस्तादांचं नाव सांगतो, तालमीचं नाव सांगतो. यात नुसता अभिमान नसतो. नाव ऐकलं की समोरच्याला कळतं की या गड्याला कोणते डाव येत असणार, याची मेहनत कशा पद्धतीची. आणि याने कुणाला मुद्दाम जायबंदी केलं तर तक्रार कुणाच्या दारात न्यायची, हेही कळतं. हा तिसरा उपयोग मला सर्वात मोठा वाटतो. ज्याला वस्ताद आहे, त्याला विचारणारा कुणीतरी आहे.

आता जपानकडे जाऊ, कारण ज्यूदो आणि कराटे तिथूनच आपल्याकडे आले. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो. जन्म १८६० चा. अंगाने किरकोळ, शाळेत दांडगी मुलं त्रास देत. तेव्हा जपानमध्ये जुन्या युद्धकला मोडीत निघाल्या होत्या, शिकवणारे सापडत नव्हते. विद्यापीठात गेल्यावर कानोंनी एक युक्ती केली. जुजुत्सूचे जाणकार बहुधा हाडवैद्याचा धंदा करतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते हाडवैद्यांची दारं शोधत हिंडले. अशा शोधातून त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले. बघा, जो हात निखळवायला शिकवतो, त्यालाच तो बसवायलाही येतो. आपल्या जुन्या वस्तादांनाही मालीश आणि लचक उतरवणं येत असे. (आज मात्र हाड दुखावलं तर पोराला सरळ डॉक्टरकडे न्या, सरांच्या मालिशीवर थांबू नका.)

कानोंनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. फुकुदांनी त्यांना एका डावात खाली टाकलं. कानोंनी विचारलं, हात कसा फिरवलात, पाय कुठे ठेवलात? गुरू म्हणाले, ये पुन्हा, आणि पुन्हा टाकलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा आपटणं. असं तीनदा झालं. तोंडाने सांगून हे येणार नाही, अंगाने अंगाला कळलं पाहिजे, असा त्याचा अर्थ. आज मोबाईलवर हवी ती किक बघायला मिळते आणि आमची मुलं विचारतात, सर, व्हिडिओ बघून शिकलो तर? बघा, जरूर बघा. पण व्हिडिओ तुम्हाला खाली पाडत नाही, आणि तुम्ही चुकीचे पडलात तर डोक्याखाली हातही देत नाही.

फुकुदा वारले, मग कानो इसो नावाच्या गुरूंकडे गेले. तेही वारले, तेव्हा ईकुबो या वेगळ्या परंपरेच्या गुरूंकडे गेले. मग १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं कोदोकान सुरू केलं. कुठे? टोकियोतल्या एइशो-जी या बौद्ध विहारात! बारा चटयांची जागा आणि नऊ विद्यार्थी. आपटण्याचे इतके हादरे बसत की विहाराच्या जमिनीखालचे वासे मोडले आणि ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागले. आमच्या क्लासच्या आवाजाबद्दल समितीकडे तक्रारी येतात, त्यांच्या माहितीसाठी सांगतो.

कानोंनी जुन्यातलं बरंच बदललं, धोकादायक भाग सरावातून वगळला, नवं शास्त्र उभं केलं. तरीही ईकुबोंच्या परंपरेची जुनी काता, म्हणजे डावांची ठरलेली मांडणी, त्यांनी 'प्राचीन काता' या अर्थाच्या नावाने कोदोकानात जपून ठेवली. गुरूंकडून घेतलेलं गुरूंच्या नावावर ठेवलं. पुढे १९२९ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून ताकागाकी हे ज्यूदोचे शिक्षक शांतिनिकेतनात आले. त्या काळात तिथे मुलीही ज्यूदो शिकल्या. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन या त्यांपैकीच. मुलींना हे कशाला, असं म्हणणारे आजही आपल्या चाळीत आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कराटेचं घर म्हणजे ओकिनावा बेट. तिथे मात्सुमुरा सोकोन हे मोठे गुरू. त्यांचे शिष्य आझातो आणि इतोसू. या दोघांचे शिष्य गिचिन फुनाकोशी, पेशाने शाळामास्तर, ज्यांनी १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक केलं आणि कराटे जपानभर गेलं. आज आपल्याकडे जे शोतोकान कराटे शिकवतात ते या साखळीतलं. फुनाकोशी रात्री कंदील घेऊन आझातोंच्या घरी जात आणि अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करत. तेक्की नावाच्या तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. आणि आमच्याकडे? तीन महिने झाले की पालक विचारतात, सर, पुढचा बेल्ट कधी?

पण या साखळीत मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते इतोसू. १९०१ च्या सुमारास त्यांनी ओकिनावातल्या शाळेत मुलांना कराटे शिकवायला सुरुवात केली. तोपर्यंत ही विद्या मोठ्या माणसांची, जिवावर बेतणारी. ती जशीच्या तशी दहा वर्षांच्या पोरांना कशी द्यायची? म्हणून इतोसूंनी मुलांसाठी पिनान नावाच्या पाच काता रचल्या. आमची मुलं त्यांनाच हेइआन म्हणतात, ते नाव फुनाकोशींनी दिलं. डोळ्यांवर, गळ्यावर जाणारं सौम्य केलं, उघड्या हाताच्या जागी बहुतेक ठिकाणी मूठ आणली. त्यांना हे करता आलं, कारण आपण काय काढतो आहोत हे त्यांना माहीत होतं. परंपरेतून शिकलेल्या माणसाला कळतं की कोणत्या वयाला काय द्यायचं आणि काय राखून ठेवायचं. जो चार सिनेमे आणि दोन पुस्तकं बघून मास्तर झाला, त्याला काढून टाकायचं काय हेच ठाऊक नसतं. तो पोरांना गळा आवळायला शिकवतो, कारण ते बघायला भारी दिसतं. एकमेकांना खांद्यावर बसवून बैठका मारायला लावतो, कारण त्याला तसंच कुणीतरी लावलं होतं. आठ वर्षांच्या पोराच्या गुडघ्यांचं पुढे काय होणार, हे विचारायला त्याच्यावर कुणी नाही.

तुम्ही म्हणाल, सर, आमच्या क्लासच्या भिंतीवर तर सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट आहे, ब्लॅक बेल्ट आहे. तर ब्लॅक बेल्टचीही गोष्ट ऐका. लोकांना वाटतं तो हजारो वर्षांचा आहे. 'दान' ही पायरी कानोंनी १८८३ साली आपल्या दोन शिष्यांना पहिल्यांदा दिली, आणि काळा पट्टा त्यानंतर आला. फुनाकोशींनी ही पद्धत ज्यूदोकडून घेतली आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले दान दिले. म्हणजे मात्सुमुरांना ब्लॅक बेल्ट नव्हता, इतोसूंना नव्हता! त्यांची ओळख एवढीच, की हे अमक्याचे शिष्य आणि अमक्यांचे गुरू. पट्टा हा देणाऱ्या माणसाच्या शब्दावर उभा असतो. देणारा कोण हे कळलं नाही तर तो चार बोटं रुंदीचा कापड आहे. १९७३ मध्ये 'एंटर द ड्रॅगन' आला, त्यानंतर आपल्या शहरांतून गल्लोगल्ली क्लास निघाले. त्यांत मनापासून शिकवणारे पुष्कळ होते आणि आहेत. पण नावात 'वर्ल्ड' आणि 'इंटरनॅशनल' घालून, एका खोलीतून पैसे घेऊन पट्टे वाटणारेही त्यातच निघाले.

आता एक नाजूक गोष्ट. ती या व्यासपीठावरून सांगितली पाहिजे असं मला वाटतं. आपल्या कार्यक्रमांतून नेहमी सांगितलं जातं की कुंग फू आणि कराटे हे बोधिधर्मांनी भारतातून चीनला नेलं. २०११ साली आलेला एक तमिळ चित्रपट हिंदीत डब होऊन टीव्हीवर वारंवार लागतो, त्यातही तेच दाखवलं आहे. ऐकायला छान वाटतं, छाती फुगते. पण पुरावा काय? शाओलिन विहार इसवी सन ४९५ च्या सुमारास बातुओ नावाच्या परदेशातून आलेल्या भिक्खूंसाठी उभारला गेला. तिथल्या तेरा भिक्खूंनी ६२१ साली तांग घराण्याच्या बाजूने लढाईत मदत केली, हे ७२८ च्या शिलालेखावरून कळतं. त्यात बोधिधर्मांनी युद्धकला शिकवल्याचा उल्लेख नाही. ती कथा ज्या व्यायामाच्या ग्रंथातून पसरली, तो १६२४ सालचा, म्हणजे बोधिधर्मांनंतर हजार वर्षांनी लिहिलेला. त्याला जुनेपणाचा मान मिळावा म्हणून पाचशे-हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या नावाने खोट्या प्रस्तावना जोडलेल्या होत्या. विसाव्या शतकात तांग हाओ या चिनी इतिहासकाराने ते उघड केलं.

म्हणजे खोटी गुरुपरंपरा लावण्याचा उद्योग आजचा नाही, बंधूंनो. माल खपवायला मोठ्या माणसाचं नाव लावायचं, हा जुना धंदा आहे. बोधिधर्म ध्यानमार्गाचे थोर आचार्य, ते पुरेसं नाही का? त्यांच्या हातात मूठ देऊन आपण त्यांना मोठं करत नाही. आणि खोट्याच्या पायावर उभा राहिलेला मास्तर आपल्या मुलांना पंचशीलातलं चौथं शील कोणत्या तोंडाने सांगणार?

इथे कुणी जाणता उपासक मला अडवील. म्हणेल, तुम्ही परंपरा परंपरा करता, पण तथागतांनी तर कालामांना उलट सांगितलं. बरोबर आहे. केसपुत्त गावच्या कालामांना दिलेल्या उपदेशात, कशावरून एखादी गोष्ट मान्य करू नये याची जी यादी आहे, तिच्यात 'परंपरा' हा शब्दच आहे. हे श्रमण आमचे गुरू आहेत, एवढ्यावरूनही मानू नका, असंही त्यात आहे. मला त्यात विरोध दिसत नाही. परंपरा विचारायची ती डोळे मिटून पाया पडण्यासाठी नव्हे, पडताळून बघण्यासाठी. पत्ता माहीत असेल तर जाऊन बघता येतं. नाव सांगितलं की त्या माणसाकडे जाऊन विचारता येतं, बाबा, हा तुमच्याकडे किती वर्षं होता, का सोडून गेला? आणि परंपरा खरी असूनही माणूस चुकतो. फुनाकोशी १९५७ मध्ये वारले, तर त्यांच्या मोठमोठ्या शिष्यांत अंत्यविधीवरूनच तंटा झाला आणि दोन तट पडले. तेव्हा नावं मोठी म्हणून आपले डोळे मिटायचे नाहीत.

आपल्या लोकांना 'गुरुपरंपरा' हा शब्द ऐकला की एकलव्याचा अंगठा आठवतो. आठवलाच पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांना कितीतरी विद्यांची दारं जन्मावरून बंद होती. शिकवायचं नाही, आणि तो स्वतःहून शिकला तर अंगठा घ्यायचा, अशी ती परंपरा. मी जिच्याबद्दल बोलतो ती ही नव्हे. आपल्याकडे दुसरीही एक आहे, आणि ती पुण्यातली आहे. लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१), मातंग समाजातले वस्ताद. वडिलांकडून विद्या घेतली आणि पुण्यात तालीम चालवली. त्यांच्या हाताखाली दांडपट्टा आणि नेमबाजी शिकलेले एक तरुण म्हणजे जोतीराव फुले. ही गोष्ट कुणी पुढे भक्तिभावाने रचलेली नाही. जोतीरावांनी स्वतः १८७३ च्या 'गुलामगिरी'त आपल्या या वस्तादांचं नाव, वडिलांच्या नावासह आणि जातीसह, नोंदवून ठेवलं आहे. त्या काळी माळी समाजातला एक शिकलेला माणूस छापील पुस्तकात सांगतो की माझे वस्ताद मांग होते. त्याला लाज वाटली नाही, उलट नाव राहावं असं वाटलं. त्याच जोतीरावांना पुढे बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या बरोबरीने आपले गुरू म्हटलं, आणि १९४६ चा 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसारख्या विद्वानानेही त्रिशरण-पंचशील आधी भन्ते चंद्रमणी महास्थविरांकडून घेतलं, आणि मगच लाखो लोकांना दिलं. रक्ताचं नातं यात कुठेच नाही. शिकवणारा आणि शिकणारा, एवढंच नातं.

म्हणून मला एका गोष्टीचा राग येतो, तो आज बोलून टाकतो. आपल्याच वस्तीतल्या एखाद्या माणसाने पोरांना मैदानात फुकट शिकवायचं, आणि पोरं मोठी झाली, स्वतःचे क्लास काढले, की बॅनरवर जपानी माणसाचा फोटो लावायचा आणि त्या वस्तीतल्या सरांचं नाव गाळायचं. का? तर सर गिरणीत होते, चाळीत राहत होते, इंग्रजी बोलत नव्हते. माझे पहिले सर असेच. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, पुढे मिळेल ते काम केलं, पण संध्याकाळी साडेसहाला चाळीमागच्या मोकळ्या जागेत हजर. पावसाळ्यात जिन्याखाली घेत. त्यांच्याकडे सोनेरी शिक्का नव्हता. मी पाचही हेइआन पक्क्या केल्यावर एके रविवारी ते मला लोकलने दुसऱ्या सरांकडे घेऊन गेले. चपला बाहेर काढून दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, याला मी इथपर्यंत आणलंय. पुढचं मला नीट येत नाही. पोरगा चांगला आहे, तुम्ही सांभाळा." परतीच्या गाडीत मी गप्प होतो, कारण मला वाटलं त्यांनी मला सोडून दिलं. तर तेच म्हणाले, "अरे, आता तुला दोन सर झाले." त्या दुसऱ्या सरांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की हे तुझे सर कुणाकडे शिकले, आणि माझ्या सरांनी दाराशी उभं राहून तीन पिढ्यांची नावं सांगितली होती. आपल्याला कुठपर्यंत येतं हे ज्याला माहीत आहे, तो खरा शिक्षक. आणि हे त्यालाच माहीत असतं, ज्याने आपल्यापेक्षा जास्त येणारा माणूस जवळून बघितलेला असतो.

तेव्हा पालकांनो, क्लास कुठलाही असो, फी भरण्याआधी दोन शब्द विचारा. कुणाकडे शिकलात, किती वर्षं, ते सर हयात आहेत का, कधी येतात का? खरा शिक्षक या प्रश्नाने रागावत नाही, उलट खूश होतो आणि अर्धा तास बोलतो. जो चिडतो, 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणतो, त्याच्याकडून पोर घेऊन घरी या. आईवडिलांना बसू देत नाही, दार लावून घेतो, अशा ठिकाणी मुलगी काय, मुलगाही पाठवू नका. शिस्तीच्या नावाखाली काठीने मारणारा असेल तर त्याची परंपरा थेट ओकिनावापर्यंत जात असली तरी आपल्याला नको.

इथल्या आमच्या क्लासपुरतं सांगतो. हॉलच्या दारामागे एक कागद लावला आहे. त्यावर माझं नाव आहे, माझ्या दोन्ही सरांची नावं आहेत, त्यांच्या सरांची आहेत. गिरणीवाले सर सगळ्यात वर. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर वर्ग असतो, मागच्या बाकांवर पालकांना बसायला जागा आहे. येऊन बघा, खटकेल ते तोंडावर सांगा. मुलींची संख्या अजून मुलांच्या निम्मीही नाही, त्यासाठी महिला मंडळाने घरोघरी जाऊन सांगावं अशी माझी विनंती आहे.

मुलांचं प्रात्यक्षिक व्हायचं आहे आणि पुढची रांग केव्हाची चुळबुळ करते आहे. म्हणून थांबतो. जयभीम, नमो बुद्धाय.